'नको' म्हटलं की वाडगा उचलतात : जर्मन पाहुणचाराच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. "जर्मनीत कुणाच्या घरी राहायला जाताय? आधी हे वाचा!" खाली आठ मुद्दे, प्रत्येकापुढे लाल फुली, आणि शेवटी "अतिथी देवो भव फक्त आपल्याकडेच! अभिमान असेल तर पुढे पाठवा." अभिमान बऱ्याच जणांना असावा, कारण दोन दिवसांत तोच मजकूर सोसायटीच्या, लेकीच्या वर्गातल्या पालकांच्या आणि आईच्या भिशीच्या ग्रुपवरूनही आला. भिशीतल्या एका काकूंनी तर आईला फोनच केला, "अहो, तुम्ही राहून आलात ना तिथे? खरंच उपाशी ठेवतात का हो?"

आई म्हणाली, "पहिल्या दिवशी राहिले होते. पण त्यात त्यांचा दोष नव्हता."

एवढ्या उत्तराने काकूंचं समाधान झालं नाही. म्हणून हे सविस्तर.

२०२३च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि आई, जर्मनीतल्या ट्यूबिंगनला एका निवृत्त जोडप्याच्या घरी अकरा दिवस राहिलो. माझा धाकटा भाऊ तिथे शिकायला होता तेव्हा त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचा. २०१९ला त्याच्या लग्नाला दोघं नाशिकला आले होते. भाऊ आता तिथे नाही, तरी बोलावणं आलंच. त्यांची नातवंडं त्यांना ओमा-ओपा म्हणतात, म्हणजे आजी-आजोबा. आमच्या लेकीने पहिल्याच दिवशी तेच सुरू केलं, तेव्हा मीही इथे तसंच म्हणते.

आणखी एक. ट्यूबिंगन येतं श्वाबेन भागात, आणि श्वाबेनच्या लोकांच्या चिकटपणावर बाकीचे जर्मन विनोद करतात. तेव्हा फॉरवर्डवाल्यांना हवा तसाच नमुना आम्हाला मिळाला होता. मुद्दे त्यांच्याच क्रमाने घेते. सगळ्यांना सारखा वेळ मात्र देणार नाही, काहींची तेवढी लायकी नाही.

"जेवणाची वेळ झाली की घरचे जेवतात आणि पाहुण्याला दुसऱ्या खोलीत बसवून ठेवतात."

हा त्यातलाच एक. मुळात ही गोष्ट जर्मनीची नाहीच. २०२२च्या मे महिन्यात रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर कुणीतरी सांगितलं की लहानपणी एका स्वीडिश मित्राकडे खेळायला गेलो असताना त्याच्या घरचे जेवायला बसले आणि मला खोलीत थांबायला सांगितलं. त्यावर जगभर गदारोळ झाला, स्वीडिश लोकांनी खुलासे केले, थट्टा झाली. आपल्या फॉरवर्डवाल्यांनी देश बदलला, एवढंच. स्वीडन काय, जर्मनी काय, गोरेच ते.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. निघण्याच्या दोन महिने आधी ओमांची ईमेल आली, त्यात चौदा प्रश्न. कोण काय खात नाही? आई अंडं खात नाही, तर केकमधलं चालतं का? लेकीला उशी जाड लागते की पातळ? सकाळी चहा किती वाजता, त्यात दूध आधी की नंतर? आईंना जिना चढता येतो का, नसेल तर खालची खोली रिकामी करू. आईने सगळी यादी ऐकली आणि म्हणाली, "हे पाहुण्यांना बोलावतायत की स्थळाची चौकशी करतायत?" मलाही तेव्हा ते जरा कोरडं वाटलं होतं. आपण कुठे विचारतो? पाहुणा आला की घरात असेल ते पुढे करतो, नसेल ते शेजारून आणतो.

"एकदाच विचारतात. नको म्हटलं तर दुसऱ्यांदा वाढत नाहीत. आग्रह हा प्रकारच नाही."

हा मुद्दा खरा आहे. अक्षरशः खरा. आणि आठही मुद्द्यांत तोच महत्त्वाचा असल्यामुळे इथे जरा रेंगाळते.

पहिल्या दिवशी दुपारी जेवायला मसुरीची आमटी म्हणता येईल असा घट्ट पदार्थ आणि श्पेट्झले होते. श्पेट्झले म्हणजे सैलसर पीठ उकळत्या पाण्यात खरवडून टाकून केलेल्या छोट्या ओबडधोबड शेवया. हे दोन्ही मिळून श्वाबेनचं अगदी घरचं जेवण. त्यातली मसूरही तिथल्याच डोंगराळ पठारावरची. तिथली मसुरीची शेती विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती, जुनं वाणही हरवलं होतं. २००६ साली त्याचं बी सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बीजपेढीत सापडलं, तिथून ते परत आणून लावलं. ओपांनी ही कथा सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे मसूर माहेरी आली."

श्पेट्झलेत एरवी भरपूर अंडी असतात. आईसाठी ओमांनी ते रवा घालून, अंड्याशिवाय केले होते. आम्ही येण्याआधी दोनदा करून पाहिले होते, पहिल्यांदा त्याची खळ झाली, हे त्यांनीच हसत सांगितलं.

आईचं पहिलं वाढप संपलं. ओपांनी वाडगा पुढे केला आणि आणखी हवंय का म्हणून विचारलं. आईने विमानात माझ्याकडून एक शब्द पाठ करून घेतला होता : डांके, म्हणजे धन्यवाद. तो तिने गोड हसून म्हटला, आणि आपण करतो तसं ताट अर्धा इंच पुढे सरकवलं. वाडगा मागे गेला. नवऱ्याकडे आला. त्याने नाशिकच्या रीतीप्रमाणे पोटावर हात ठेवून "नको नको, बास" केलं. वाडगा स्वयंपाकघरात गेला आणि त्यावर झाकण पडलं.

कॉलेजात असताना पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात दोन वर्षं जर्मन शिकले होते मी. काही वाढायला पुढे केल्यावर नुसतं 'डांके' म्हटलं तर त्याचा अर्थ 'नको, धन्यवाद' असा होतो, आणि हवं असेल तर 'गेर्न' किंवा 'बिटं' म्हणायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. ऐनवेळी आठवलं नाही. रात्री दहा वाजता आई गादीवर मांडी घालून चिवड्याचा डबा उघडून बसली होती आणि नवरा शेजारी हात पसरून.

दुसऱ्या दिवशी मी ओमांना हे सांगून टाकलं. त्यांनी तोंडावर हातच ठेवला. मग विचारलं, "पण मग तुमच्याकडे 'हो' कसं म्हणतात?" मी भाषांतर करून आईला विचारलं. आई म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारलं की."

त्यानंतर अकराव्या दिवसापर्यंत ओपा आईसमोर वाडगा धरायचे आणि बोटं मोजत, एका दमात विचारायचे : "आइन्स? त्स्वाय? द्राय?" आई तिसऱ्या बोटाला मान हलवायची. शेवटी शेवटी तीही जर्मनमध्ये आकडे म्हणायला लागली.

आता याची दुसरी बाजू. २०१९च्या लग्नात ओपांना पंगतीत बसवलं होतं. माझ्या दोन्ही आत्या जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्यावर चालून गेल्या. त्यांनी नको म्हटलं, पडली. पुन्हा नको म्हटलं, दोन पडल्या. ताटात टाकणं वाईट, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. युद्धानंतरच्या टंचाईतल्या पिढीच्या हाताखाली ते वाढलेले. म्हणून त्यांनी खाल्ल्या. रिकामं ताट म्हणजे आपल्याकडे आणखी वाढण्याची खूण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अकरा जिलेब्या खाऊन दुसरा दिवस त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढला. चार वर्षांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मला म्हणाले, "तुझ्या आत्या फार प्रेमळ आहेत. पण माझं 'नाही' एकीनेही ऐकलं नाही."

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आग्रहाची फूटपट्टी घेऊन माप काढलं आहे. त्या मापाने जर्मन घर उणं भरणारच. ते लोक पाहुण्यासाठी जे करतात ते आधी करून ठेवतात : चौदा प्रश्न, दोनदा करून पाहिलेले श्पेट्झले, रिकामी केलेली खालची खोली. ताटावर बसल्यावर मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

"रात्रीचं जेवण म्हणजे थंड ब्रेड. चूलही पेटवत नाहीत. भिकाऱ्यालाही आपण गरम वाढतो."

शेवटचं वाक्य सोडून द्या. रात्री थंड ब्रेड हे खरं, पण तो अपमान नव्हे. गरम, पोटभर जेवण दुपारी आणि रात्री 'आबेन्टब्रोट', म्हणजे शब्दशः संध्याकाळचा ब्रेड, ही तिथली जुनी घडी आहे. घरचेही तेच खातात. प्रत्येकापुढे एक लहान लाकडी पाट, मध्ये चीज, काकडीचं आंबट लोणचं, टोमॅटो, मुळा, लोणी, मांस खाणाऱ्यांना त्याच्या चकत्या. ज्याने त्याने आपापलं लावून घ्यायचं. आणि ब्रेड म्हणजे आपला पिशवीतला पांढरा स्लाइस नव्हे. राईचा, आंबवलेल्या पिठाचा, वर कडक साल असलेला. जर्मनीत ब्रेडचे तीन हजारांवर प्रकार नोंदले गेले आहेत आणि २०१४ साली तिथल्या ब्रेडसंस्कृतीला देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपण भाकरीबद्दल जितकं हळवं बोलतो तितकंच ते या ब्रेडबद्दल बोलतात.

तरी चौथ्या दिवशी आईच्या पोटाने मागणी केलीच. तिने स्वयंपाकघर मागितलं आणि मुगाची खिचडी टाकली. ओमा वजनकाटा आणि वही घेऊन शेजारी उभ्या. मोहरी किती ग्रॅम? आईला ग्रॅम कुठले? ती चिमटीत घ्यायची आणि ओमा ती चिमूट काट्यावर ठेवायला लावायच्या. मग फोडणी पडली, मिरची तडतडली आणि पॅसेजमधला धुराचा अलार्म घर डोक्यावर घेऊन ओरडायला लागला. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये तो लावणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. ओपा टॉवेल फडकावत स्टुलावर चढले. वहीत ओमांनी खिचडीच्या कृतीत पाचवी पायरी म्हणून लिहिलं : "खिडकी उघडा."

"हिवाळ्यातसुद्धा घराच्या खिडक्या सताड उघड्या टाकून पाहुण्याला गारठवतात."

खिडक्या पाहुणा असो-नसो उघडतात. त्या घरांच्या भिंती जाड, खिडक्या दुहेरी-तिहेरी काचेच्या, फटी नावाला नाहीत. श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आतच कोंडते आणि भिंतीला बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या आणि परत लावून टाकायच्या. याला 'श्टोसल्युफ्टन' असा शब्द आहे. ११ ते १५ मे हे तिथे 'आइसहायलिगे', बर्फाळ संतांचे दिवस मानतात. त्यानंतरच टोमॅटोची रोपं बाहेर लावायची. आम्ही नेमके त्या दिवसांत होतो. सकाळी सात वाजता खिडकी उघडली की आई शाल घेऊन न्हाणीघरात जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात हीटर लावलेला आणि एक खुर्ची ठेवलेली. कुणी काही बोललं नाही.

"रात्री दहानंतर फ्लश केला की पोलीस येतात. रविवारी घरात आवाज केला तर दंड."

अर्धवट माहितीचा हा उत्तम नमुना. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, हे खरं. पण भाडेकरूला रात्री आंघोळ सरसकट बंद करता येत नाही, असे निकाल तिथल्या न्यायालयांनी दिलेले आहेत. फ्लशवरून पोलीस ही निव्वळ थाप. आईला मधुमेह आहे, रात्रीत तीनदा उठते. अकरा रात्री, तेहेतीस फ्लश, पोलीस शून्य.

रविवार मात्र तिथे खरोखर गंभीर प्रकरण आहे. १९१९च्या वायमार संविधानातलं एक कलम आजच्या जर्मन संविधानाने तसंच उचललं आहे : रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने सुरक्षित. म्हणून दुकानं बंद, गवत कापायचं यंत्र बंद, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या हौदात टाकणंसुद्धा बंद, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी आठ वाजता वरच्या मजल्यावर टाइल्स फोडतात. त्या अकरा दिवसांत एकच रविवार आला आणि तो मला अजून आठवतो.

"पै न् पैचा हिशोब ठेवतात. हॉटेलात वेगळं बिल, घरात राहिल्याचे पैसे."

हॉटेलात वेटर विचारतो, "एकत्र की वेगवेगळं?" हे खरं. ओपांनी एकदा सगळ्यांचं दिलं, आम्ही एकदा दिलं. घरात राहिल्याचे पैसे वगैरे काही नाही.

हिशोब ठेवतात हे मात्र शंभर टक्के खरं. ओपांची घरखर्चाची वही स्वयंपाकघराच्या फळीवर असायची. एका सकाळी लेकीने ती कुतूहलाने उघडली आणि आईला 'इंडिया' एवढं वाचता आलं. आईचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपल्या खाण्याचा खर्च लिहितायत गं. आपण पैसे देऊन टाकूया." मी वही पाहिली. 'भारतातले पाहुणे' अशी ओळ होती, समोर पन्नास युरो. ती मे महिन्याच्या पानावर होतीच, पण एप्रिलच्याही होती. मार्च, फेब्रुवारी, जानेवारीच्याही. पेन्शनमधून दर महिन्याला पन्नास युरो बाजूला काढून ते आमच्यासाठी साठवत होते. आईला अर्थ सांगितला. तिने वही पुसून परत फळीवर ठेवली, जणू पोथी.

पैशाचं आणखी एक. आईच्या नावावर उत्पन्न नाही, त्यामुळे तिच्या व्हिसासाठी खर्चाची हमी लागत होती. जर्मनीत यासाठी यजमान एक अधिकृत हमीपत्र देऊ शकतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं, आपलं उत्पन्न कागदोपत्री दाखवायचं, २९ युरो शुल्क भरायचं आणि सही करायची : या बाईंचं राहणं, खाणं, दवाखाना, परतीचा प्रवास, सगळं माझ्यावर. उद्या सरकारी तिजोरीतून तिच्यावर खर्च झाला तर तो सही करणाऱ्याकडून वसूल होतो. मधुमेह असलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, आयुष्यात चार दिवस भेटलेल्या बाईसाठी ओपांनी ती सही केली. आपल्याकडे जामीन राहायचं म्हटलं की सख्खे काका फोन उचलत नाहीत, हे आमच्या गृहकर्जाच्या वेळी पाहिलेलं आहे.

ट्यूबिंगनला नेकार नदीच्या काठी एक पिवळा मनोरा आहे. फ्रीडरिश होल्डरलीन हा जर्मनीचा थोर कवी मनाने पार कोलमडल्यावर १८०७ साली तिथल्या इस्पितळातून बाहेर पडला. फार तर तीन वर्षं जगेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एर्न्स्ट त्सिमर नावाच्या सुताराने त्याची कादंबरी वाचलेली होती. त्याने कवीला आपल्या घरी, या मनोऱ्यात, आणलं. कवी तिथे छत्तीस वर्षं राहिला. सुतार १८३८ला गेला, पुढे त्याच्या मुलीने, लोटेने, १८४३ला कवीचा शेवट होईपर्यंत त्याला सांभाळलं. कवीच्या राहण्या-जेवणाचे पैसे त्याच्या आईकडून आणि तिच्यानंतर कायदेशीर पालकाकडून यायचे आणि त्सिमर त्याचा हिशोब पत्रांतून कळवायचा, त्याच पत्रांत आज त्याची तब्येत कशी आहे, हेही. ओपा हे सांगत होते तेव्हा नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "वही इथलीच परंपरा दिसते."

"घरात पूजा करू देत नाहीत. स्वस्तिक काढलं तर थेट तुरुंग."

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाझी पक्षाची चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरण्यावर जर्मन दंडसंहितेत बंदी आहे. ते चिन्ह त्यांच्या भाषेत 'हाकनक्रॉइत्स', म्हणजे वाकड्या टोकांचा क्रूस. देवापुढे घरात काढलेलं आपलं स्वस्तिक हा त्या कायद्याचा विषय नाही. पण कायदा एक आणि बघणाऱ्याच्या पोटातला गोळा दुसरा.

आईने भेट म्हणून तांब्याचं हळदकुंकवाचं करंडं आणलं होतं, झाकणावर स्वस्तिक. माझ्या लक्षात आलंच नाही. ओमांनी ते उघडलं आणि खोलीत एकदम शांतता झाली. ओपांनी ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं, "आईंना माहीत आहे का आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते?" आईला थोडंफार माहीत होतं. तिने उंबरठ्यावरचं, वहीच्या पहिल्या पानावरचं, बाळाच्या पाचवीच्या पाटावरचं स्वस्तिक सांगितलं, मी जमेल तसं भाषांतर केलं. ओपांनी त्यांच्या वडिलांबद्दल दोन वाक्यं सांगितली, ती इथे लिहीत नाही. करंडं त्यांनी ठेवून घेतलं. रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडकीतल्या कपाटात ठेवलं नाही, आतल्या खोलीत, नातवंडांच्या फोटोंशेजारी ठेवलं. आणि आईने रोज सकाळी त्या खोलीतल्या टेबलावर उदबत्ती लावली, अलार्मपासून लांब.

"कितीही वर्षं ओळख असो, वेळ ठरवल्याशिवाय भेटत नाहीत, निरोपाला दारापर्यंत येत नाहीत. तुम्ही परकेच राहता."

वेळ ठरवल्याशिवाय भेटत नाहीत, मान्य. सहज डोकावायला गेलात तर दारात अवघडलेला चेहरा दिसेल. आणि परकेपणाची एक खरी, कडू गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. परदेशी नाव घेऊन भाड्याचं घर शोधायला निघालात तर किती दारं बंद होतात ते माझ्या भावाला विचारा. ओमा-ओपांचा माळा मिळण्याआधी त्याला कितीतरी नकार आले होते. ते लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

पण "परकेच राहता" याला उत्तर आहे. जर्मनमध्येही 'तुम्ही' आणि 'तू' आहे, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं ते मोठ्यांनी सुचवायचं, अशी रीत आहे. पाचव्या संध्याकाळी ओमांनी सोडा घातलेल्या सफरचंदाच्या रसाचा पेला उचलला, माझ्याकडे बघून आपलं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता 'तू'. मला भरून आलं. आईला समजावून सांगितलं तर ती हादरली. "वयाने मोठ्या बाईला अगं-तुगं करायचं? त्यांच्याच घरात राहून?" ती शेवटपर्यंत त्यांना मराठीत "अहो बाई" म्हणत राहिली आणि ओमा तिला जर्मनमध्ये 'तू'. दोघींचं कधी अडलं नाही.

निरोपाचं म्हणाल तर दोघं स्टेशनवर आले होते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. ओपा दर पाच मिनिटांनी आमची माफी मागत होते, गाडी स्वतःच चालवत असल्यासारखी. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हाही एक फॉरवर्डच. गाडी आली, ओमांनी चार कागदी पुडे हातात दिले, प्रत्येकावर पेनाने काहीतरी लिहिलेलं. फलाट मागे पडेपर्यंत दोघं हात हलवत उभे होते.

गाडीत आईने तिचा पुडा उलटसुलट करून पाहिला. "यावर काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं, "ओने आय."

"मला आय म्हणतात का त्या?"

"अंड्याला आय म्हणतात, आई. अंड्याशिवाय, असं लिहिलंय."

तिने कागद न फाडता सोडवला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. आमच्या पुड्यांत दोन-दोन सँडविच होती. तिच्या पुड्यात तीन.